वर्णनाची नैतिकता : परत न विचारणारा वाचक

१

साहित्यविचारात 'वर्णन' ही संज्ञा बहुधा दुय्यम मानली गेली आहे. कथनाच्या ओघातील विसावा किंवा अलंकारांना मिळालेले निमित्त, अशाच रूपात तिची दखल घेतली जाते. वर्णन प्रत्ययकारी आहे की नाही, ते संहितेच्या घाटाशी एकजीव झाले आहे की नाही, हे प्रश्न समीक्षेने पुष्कळ विचारले. वर्णन वाचून वाचक पुढे काय करील, हा प्रश्न मात्र तिने क्वचितच विचारला. तो विचारण्याचे कारणही नव्हते. कादंबरीतील वाड्याचे वर्णन वाचून कोणी त्या वाड्याचे दार उघडायला निघत नाही. वर्णनात एखादी खिडकी राहून गेली तर वाचक ती आपल्या कल्पनेने बसवून घेतो, आणि ही मोकळीक त्याच्या रसास्वादाचाच भाग ठरते.

परंतु केवळ कृतीसाठीच वाचले जाते असेही लेखन भाषेच्या व्यवहारात असते. औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी, विजेच्या डब्यावरील फलक, रसायनाच्या पिंपावरील लेबल ही त्याची परिचित उदाहरणे होत. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. एआय एजंट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्रणांच्या हाती सॉफ्टवेअरची जी टूल्स दिली जातात, त्यांचे गद्य वर्णन हा तो प्रकार. ही वर्णने माणसे लिहितात, साध्या भाषेत लिहितात. त्यांचा वाचक मात्र माणूस नाही. तो वर्णन वाचतो, टूल निवडतो आणि ते चालवतो. त्याचे परिणाम माणसांना भोगावे लागतात.

अशा लेखनाच्या कर्त्यावर कोणते दायित्व येते, आणि जे लिहिले ते खरे होते एवढ्याने ते फिटते काय, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे. तो तंत्रविद्येचा भासला तरी मुळात शब्द, अर्थ आणि विश्वास ह्यांच्या संबंधाचा आहे; म्हणून तो साहित्यविचाराच्या कक्षेत येतो.

२

नव्या उदाहरणाकडे जाण्यापूर्वी जुने उदाहरण पाहणे उपयुक्त ठरेल. रायगड जिल्ह्यातील रोहे तालुक्यात, कुंडलिका नदीच्या खोऱ्यात, धाटाव येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. रासायनिक कारखाने ही तिची ओळख. अशा वसाहतीत भाषेचे स्थान फार वेगळे असते. रंगहीन द्रवाने भरलेली दोन पिंपे शेजारी ठेवली तर कशात काय आहे हे डोळ्यांना कळत नाही, आणि नाकाने किंवा बोटाने ओळखू पाहणे जिवावर बेतू शकते. प्रत्यक्ष जेथे थांबते तेथे शब्दप्रमाणाचे काम सुरू होते, ही दर्शनशास्त्रातील गोष्ट येथे रोजच्या पाळीत घडते. पिंपावरील लेबल हे कामगाराच्या दृष्टीने आप्तवाक्य असते.

आता एक वाक्य घेऊ : 'सल्फ्युरिक आम्ल व पाणी एकत्र करून आम्ल सौम्य करावे.' ह्या वाक्यात असत्य काहीही नाही. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. तरीही ते घातक आहे. तीव्र आम्लात पाणी ओतले तर निर्माण होणाऱ्या उष्णतेने वरचे हलके पाणी उकळते आणि आम्लासह उसळून अंगावर येते. उलट, भरपूर पाण्यात आम्ल सावकाश सोडले तर ती उष्णता पाण्यात पसरून जाते. तेव्हा वाक्य असे हवे : 'पाण्यात आम्ल सोडावे, आम्लात पाणी ओतू नये.' सप्तमीचा प्रत्यय कोणत्या नामाला लागतो ह्यावर येथे माणसाचे डोळे अवलंबून असतात. शिवाय ह्या वाक्याचा उत्तरार्ध तर्कदृष्ट्या अनावश्यक आहे. पूर्वार्धातून तो निघतोच. शैलीशास्त्र त्याला पुनरुक्ती म्हणेल. पण ज्या चुकीच्या कृतीकडे वाचकाचा हात सहज जाण्याची शक्यता आहे तिचे नाव घेऊन तो ती अडवतो. वर्णन खरे असणे आणि वर्णन स्पष्ट असणे ह्यांतील अंतर येथे दिसते. खरेपणा हा वाक्य आणि वस्तू ह्यांच्यातील संबंध आहे. स्पष्टपणा मात्र वाक्य आणि वाचकाची संभाव्य चूक ह्यांच्यातील संबंध आहे.

हे अंतर कायद्यालाही उशिरा उमगले. डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, १९४८ च्या कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयीचे नवे प्रकरण घालण्यात आले. कारखानदाराने धोक्यांची आणि त्यांवरील उपायांची माहिती कामगारांना व शासनाला तर द्यावीच, पण परिसरातील सर्वसाधारण जनतेलाही द्यावी, असे बंधन त्यातील ४१-ब ह्या कलमाने घातले. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनी प्रत्येक पात्रावर आतील द्रव्याची ओळख पटेल असे लेबल आवश्यक केले. मात्र ह्याच अधिनियमाच्या १०८ व्या कलमात, कारखान्यातील सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, अशी तरतूद होती. 'बहुसंख्य' हा शब्द येथे विचार करायला लावतो. ज्याला ती भाषा येत नाही अशा एका परप्रांतीय ठेकेदारी कामगारासमोर कायद्याच्या दृष्टीने वर्णन उपस्थित असते आणि अर्थाच्या दृष्टीने अनुपस्थित असते. वर्णन नेमके कोणासाठी लिहिले, हातात पिंप असणाऱ्यासाठी की तपासणीला येणाऱ्यासाठी, हा प्रश्न म्हणूनच शैलीच्या आधी येतो.

तरीही त्या कामगाराजवळ एक आधार उरतो. तो शेजारच्या जुन्या ऑपरेटरला विचारू शकतो, 'दादा, हे पिंप कशाचं?' आणि दादा सांगतो, 'त्याला हात नको लावू, आधी हातमोजे घाल.' लेबल जेथे तोकडे पडते तेथे अशी मौखिक परंपरा ते पुरे करते. लिखित वर्णनातील दोष वर्षानुवर्षे झाकून ठेवण्याचे काम ह्या परत विचारण्याने केले आहे.

३

एआय एजंटाच्या बाबतीत हा आधारच जवळजवळ नाहीसा होतो. एजंट म्हणजे लँग्वेज मॉडेलच्या बळावर चालणारी, सोपवलेले काम टप्प्याटप्प्याने पार पाडणारी यंत्रणा. कोठारातील नोंद पाहणे, पत्र पाठवणे, मागणी नोंदवणे ही कामे ती थेट करू शकत नाही. त्यांसाठी प्रोग्रामरांनी तयार केलेली टूल्स तिला दिलेली असतात. प्रत्येक टूलबरोबर तीन गोष्टी येतात : नाव, गद्य वर्णन आणि टूलला पुरवावयाच्या माहितीची यादी. जून २०२३ मध्ये ओपनएआय ह्या कंपनीने आपल्या मॉडेलांना अशी वर्णने पुरवण्याची सोय खुली केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक ह्या कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हे खुले मानक प्रसिद्ध केले, आणि एकाने लिहिलेले टूल दुसऱ्याच्या एजंटाला वापरता येण्याचा मार्ग सुकर झाला. परिणामी वर्णन लिहिणारा आणि ते वाचणारी यंत्रणा एकमेकांना पूर्णतः अपरिचित असू शकतात.

टूलच्या आत काय लिहिले आहे हे एजंट सामान्यतः पाहत नाही. त्याच्या दृष्टीने वर्णन हेच टूल. अनेक टूल्स समोर असताना कोणते उचलावे आणि त्याला काय पुरवावे, हे तो ह्या शब्दांवरून ठरवतो. रंगहीन द्रवाच्या पिंपापुढे कामगार जसा केवळ लेबलावर विसंबतो तशीच ही स्थिती आहे. फरक एवढाच की शेजारी दादा नाही.

शब्दाचा अर्थ कसा कळतो ह्याविषयी आपल्या शास्त्रांतील एक दृष्टांत येथे आठवतो. वडीलधारा म्हणतो, 'गाय आण'. दुसरा गाय आणतो. बाजूला उभे असलेले मूल तो व्यवहार पाहते आणि शब्दाचा अर्थ शिकते. अर्थ अंगणात, कृतीच्या साक्षीने कळतो, असा त्याचा मथितार्थ. एजंटाने असंख्य संहिता पचवलेल्या असतात. पण एखाद्या संस्थेने काल लिहिलेल्या विशिष्ट टूलबाबत तो अंगणात कधीच उभा नव्हता. ते टूल चालवल्यावर काय घडते हे त्याने पाहिलेले नाही. चुकीचा वापर झाल्यावर टूलकडून जो निरोप परत येतो तेवढाच व्यवहार त्याच्या वाट्याला येतो. तो निरोपही 'चूक झाली' एवढाच असेल तर त्यातून शिकण्यासारखे काही नसते. आणि काय चुकले, काय हवे होते हे त्यात सांगितले असले तरी तोपर्यंत कृती होऊन गेलेली असू शकते.

एजंट काम सोपवणाऱ्याला प्रश्न विचारू शकतो, हे खरे. परंतु काम सोपवणारा टूलचा कर्ता नसतो. त्याचे अंतरंग त्यालाही ठाऊक नसते. ज्याला उत्तर ठाऊक आहे तो, म्हणजे वर्णनकार, त्या प्रसंगी हजर नसतो. म्हणून परत विचारण्याची शक्यता जितकी कमी तितके वर्णनकाराचे दायित्व अधिक, असे ह्या संबंधाचे सूत्र मांडता येईल.

४

हे दायित्व पार पाडण्यासाठी कोणते दोष टाळावे लागतात? नैयायिकांनी लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. 'कपिल रंगाची ती गाय' हे लक्षण पांढऱ्या गाईला वगळते. 'शिंगे असलेली ती गाय' हे म्हशीलाही कवेत घेते. 'एकाच खुराची ती गाय' हे कोणत्याच गाईला लागू पडत नाही. टूलच्या वर्णनांत हेच दोष नव्या वेषात भेटतात. एका रसायन कारखान्याच्या कोठारासाठी 'साठ्याची माहिती हाताळते' असे वर्णन लिहिलेले टूल आहे, अशी कल्पना करावी. ही अतिव्याप्ती झाली. साठा पाहणे, वाढवणे, पुसून टाकणे, सारेच 'हाताळणे' होय. त्याच्या शेजारी 'साठा अद्ययावत करते' असे दुसरे टूल असेल तर दोहोंची हद्द कळेनाशी होते. शिवाय 'अद्ययावत करणे' म्हणजे जुन्या आकड्यात नवा मिळवणे की जुना काढून नवा ठेवणे, हेही अनिश्चित राहते. वर्णन एका वर्षी लिहिले आणि टूल पुढे बदलले, तर असंभवही दूर नाही : जे टूल अस्तित्वात नाही त्याचे वर्णन तेवढे उरते.

ह्यापेक्षा सूक्ष्म अडचण संदर्भाची आहे. 'सैंधव आण' हे शास्त्रकारांचे आवडते उदाहरण. जेवताना म्हटले तर मीठ, प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा. प्रसंग समोर असल्याने सेवकाची चूक होत नाही. वर्णनकाराच्या मनातही असा एक प्रसंग असतो. तो इतका सवयीचा असतो की लिहायचे राहून जाते. कोठाराच्या टूलला 'प्रमाण : १००' असे पुरवायचे आहे, पण लिटर की किलो? ज्या कारखान्यात सर्व हिशेब किलोत चालतो तेथील प्रोग्रामरला हा प्रश्नच सुचत नाही. पण ९८ टक्के सल्फ्युरिक आम्लाचे एक लिटर सुमारे १.८४ किलो भरते. म्हणजे अनुक्त एककामुळे नोंद जवळजवळ दुपटीने चुकते. १९९९ साली मंगळाकडे गेलेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान नष्ट झाले ते अशाच कारणाने : एका गटाचे आकडे पौंडाच्या परिमाणात होते आणि दुसऱ्याने ते मेट्रिक मानले. दोन्ही गट आपापल्या ठिकाणी सत्यच लिहीत होते. '०३/०४' ही तारीख मार्चची की एप्रिलची, 'ग्राहक' म्हणजे नाव की क्रमांक, हे प्रश्न ह्याच जातीचे आहेत.

पर्यायी शब्दांचा मोह हा तिसरा धोका. ललित गद्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा येणे हा दोष मानला जातो, आणि शाळेपासून लेखकाला तो टाळण्याची सवय लागते. टँकरच्या पाठीवर कोठे 'ज्वालाग्राही' असते, कोठे 'ज्वलनशील'. मराठी वाचकाला दोन्ही एकच वाटतात. पण एकाच यादीत ते दोन्ही आले तर बारकाईने वाचणाऱ्याने त्यांत भेद आहे असेच मानले पाहिजे. कृतीसाठीच्या लेखनात एका वस्तूला एकच नाव हवे. तेथील नीरसता हे वाचकाशी राखलेले इमान असते.

५

येथवर स्पष्टपणाचा विचार झाला तो कौशल्य म्हणून. तो नैतिक प्रश्न कसा होतो, हे पाहण्यासाठी मीमांसकांचा एक भेद उपयोगी आहे. वेदवाक्यांचे वर्गीकरण करताना त्यांनी 'हे करावे' असे सांगणारा विधी, 'हे करू नये' असे सांगणारा निषेध आणि स्तुती वा निंदा करून त्यांकडे वळवणारा अर्थवाद असे प्रकार मानले. अर्थवादाला स्वतंत्र प्रामाण्य नाही. विधीशी जोडल्यानेच त्याला अर्थ प्राप्त होतो.

टूलच्या चांगल्या वर्णनात विधी असतोच : हे टूल काय करते आणि केव्हा वापरावे. निषेध मात्र पुष्कळदा गाळला जातो. केव्हा वापरू नये, त्याऐवजी कोणते टूल वापरावे, कोणती कृती एकदा केल्यावर मागे घेता येत नाही, हे सांगणे म्हणजे आपल्या निर्मितीच्या मर्यादा जाहीर करणे होय, आणि निर्मात्याला ते रुचत नाही. 'पुसलेली नोंद परत मिळत नाही' ह्या पाच-सहा शब्दांच्या अभावी जे नुकसान होईल ते लिहिणाऱ्याचे नसते. उलट अर्थवाद भरपूर असतो. वर्णनाच्या शब्दांत ठाम शिफारशीचा सूर आणला की तेच टूल एजंटांकडून कितीतरी अधिक वेळा निवडले जाते, असे २०२५ मधील अभ्यासांतून दिसून आले आहे. टूलचे काम तसूभरही बदललेले नसते. बदललेली असते ती स्तुती. जाहिरातीला सरावलेला मानवी वाचक स्तुतीतून काही टक्के वजा करून वाचतो. हा वाचक ती वजाबाकी पुरेशी करीत नाही. त्याच वर्षी सुरक्षा-संशोधकांनी ह्यापुढचा धोकाही दाखवून दिला : निरुपद्रवी टूलच्या वर्णनातच एजंटाला उद्देशून छुप्या आज्ञा लिहून त्याच्याकडून खाजगी माहिती बाहेर काढून घेता येते. येथे वर्णन हाच अपराध होतो.

अजाणता गाळलेला निषेध, जाणून वाढवलेली स्तुती आणि हेतुपूर्वक पेरलेली आज्ञा ह्यांत दोषाची तरतमता आहे, पण तिन्हींचे मूळ एक आहे : वाचकाच्या विश्वासाचा, त्याला परत विचारता येत नाही ह्या स्थितीचा, घेतलेला फायदा. वात्स्यायनाने न्यायभाष्यात आप्ताच्या प्रामाण्याची चर्चा करताना तीन गोष्टी एकत्र ठेवल्या आहेत : विषयाचे साक्षात ज्ञान, जसे आहे तसे सांगण्याची इच्छा आणि भूतदया. पहिल्या दोन गोष्टी कोणीही मान्य करील. तिसरी आधुनिक वाचकाला अनपेक्षित वाटते. ज्ञान आहे, सत्य बोलण्याची इच्छा आहे. मग दया कशाला हवी? आम्ल आणि पाण्याचे वाक्य ह्याचे उत्तर देते. ज्ञान आणि सत्यनिष्ठा ह्यांच्या बळावर 'आम्ल व पाणी एकत्र करावे' हे वाक्य लिहून होते. 'आम्लात पाणी ओतू नये' हा उत्तरार्ध लिहायला त्या प्रसंगी उभ्या राहणाऱ्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे यावा लागतो. स्पष्टपणा हे अशा रीतीने दयेचे भाषिक रूप आहे.

यंत्राविषयी दया कशी बाळगावी, अशी शंका येथे कोणी घेईल. पण दया येथे वाचकाविषयी नसून वाचकाच्या कृतीचा परिणाम ज्याच्यावर होणार त्याच्याविषयी आहे. ४१-ब कलमाने परिसरातील जनतेचा उल्लेख केला त्याचे मर्म हेच. धाटावच्या पिंपावरील लेबल कुंडलिकेच्या काठावरचा माणूस कधी वाचत नाही. ते चुकीचे असेल तर त्याचा परिणाम मात्र त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो. लिहिणारा एक, वाचणारा दुसरा आणि भोगणारा तिसरा, ही ह्या लेखनाची रचना आहे.

६

ह्या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, वर्णन कितीही वाढवले तरी ते पूर्ण होणार नाही. आणि फार वाढवले तर वाचलेच जाणार नाही. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. आज प्रचलित असलेल्या सुरक्षा-माहितीपत्रकाला सोळा विभाग असतात. ते सारे पिंपावर चिकटवले तर महत्त्वाचे वाक्य त्यात बुडून जाईल. एजंटापुढेही लांबलचक वर्णनांची गर्दी झाली की निवड बिघडते. म्हणून निवडणे अटळ आहे. आणि काय गाळता येईल हे ठरवताना सोयीपेक्षा संभाव्य हानीचे माप लावणे, हा त्या निवडीचा नैतिक निकष होय.

दुसरा आक्षेप अधिक आकर्षक आहे : यंत्रे सुधारत आहेत, उद्या ती अस्पष्ट वर्णनही नीट समजून घेतील. तसे होईलही. परंतु जाणता कामगार चुकीच्या लेबलातूनही वाचतो म्हणून लेबल लिहिणाऱ्याचा दोष पुसला जात नाही. वाचकाच्या कौशल्याने हानी टळेल; दायित्व हस्तांतरित होणार नाही. 'यंत्राने चुकीचे वाचले' हे वाक्य 'कामगाराने हलगर्जी केली' ह्या जुन्या वाक्याचेच नवे रूप ठरू नये, ह्याची दक्षता घ्यावी लागेल.

रोलाँ बार्थने १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली आणि अर्थाचे स्वामित्व वाचकाकडे सोपवले. ललित साहित्यापुरती ती मुक्ती होती. पिंपावरच्या लेबलाबाबत तीच घोषणा पळवाट ठरते; तेथे लेखकाने संहितेमागे उभे राहावेच लागते. अनेकार्थता हे काव्याचे वैभव मानणाऱ्या समीक्षेने, तीच अनेकार्थता कोठे अन्याय होते, हेही सांगितले पाहिजे. संहितेतील रिकाम्या जागा ओळखण्याचे शिक्षण तिच्याइतके दुसऱ्या कोणत्या विद्याशाखेने घेतले आहे?

काव्य आणि हे लेखन ह्यांत अभेद्य भिंत आहे असेही नाही. ज्यांचे बालपण रोह्याशी निगडित होते त्या चिंतामणराव देशमुखांनी 'मेघदूता'चा मराठी अनुवाद केला. परत न विचारणाऱ्या दूताला दिलेले वर्णन हाच त्या काव्याचा घाट आहे. धूर, प्रकाश, पाणी आणि वारा ह्यांच्या समुच्चयाला निरोप कसा कळावा, ही शंका कालिदास आरंभीच उपस्थित करतो. मग यक्ष वाट सांगतो, आणि अलकेतील आपल्या घराच्या खुणा सांगतो : इंद्रधनुष्यासारखे तोरण, लहानसा मंदार वृक्ष, पाचूच्या पायऱ्यांची विहीर, दारावर चितारलेले शंख आणि पद्म. ह्या खुणांसाठी कवीने योजलेला शब्द 'लक्षण' हाच आहे. पण खरी गोष्ट पुढे आहे. हे घर आता आपल्या विरहाने निस्तेज झाले असेल, आणि पत्नीही पूर्वीसारखी दिसत नसेल, हेही तो सांगून ठेवतो. आपण वर्णन केलेली वस्तू मधल्या काळात बदलली असेल आणि दूत दारावरून पुढे निघून जाईल, ही चूक त्याने आधीच पाहिली आहे.

यक्षाला हे सुचले, कारण निरोप पोहोचला नाही तर काय होईल हे त्याला ठाऊक होते. टूलचे वर्णन लिहिणाऱ्याला तो तिसरा माणूस दिसत नाही. न दिसणाऱ्या त्या माणसासाठी एक वाक्य अधिक लिहिणे, एवढेच त्याचे दायित्व आहे.